नागपुरात नवा छंद धरायचा तर कोणत्या महिन्यात काय, आणि तो पहिल्याच महिन्यात का सुटतो

धंतोलीकर (धागाकर्ता)

"काहीतरी नवीन सुरू करायचं आहे, काय करू?" असं कुणी विचारलं की आपण छंदांची यादी देतो. यादीने काही होत नाही, ती सगळ्यांकडे असते. सामान येतं, दोन रविवार उत्साहात जातात, तिसऱ्या रविवारी काहीतरी बिघडतं आणि का बिघडलं ते सांगणारं जवळ कुणी नसतं. छंद सुटतो तो तिथे.

क्रॉफर्ड आणि गॉडबी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८७ मध्ये फुरसतीच्या आड येणाऱ्या गोष्टींचे तीन गट केले होते. पहिला स्वतःच्या मनातला: "हे आपल्याला जमणार नाही", "या वयात बरं दिसेल का". दुसरा माणसांचा: सोबत कुणी नाही, घरच्यांची वेळ जुळत नाही. तिसरा बाहेरचा: पैसा, वेळ, जागा, हवामान. १९९१ मध्ये जॅक्सन यांच्यासोबत त्यांनी पुढचा मुद्दा मांडला, की या अडचणी साधारण याच क्रमाने आडव्या येतात. आपण मात्र तिसरीपासून सुरुवात करतो. आधी महागडी सायकल घेतो, आणि "सोबत कोण येणार" हे नंतर बघतो.

आपल्याकडे तिसऱ्या गटात हवामानाचा वाटा फार मोठा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जूनच्या मध्यानंतर पाऊस, खरी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुकीच्या महिन्यात सुरू केलेला छंद माणसाच्या आळसाने सुटला असं सगळे म्हणतात, पण पुष्कळदा तो उन्हाने सुटलेला असतो.

ज्यांना ज्यातलं खरोखर कळतं त्यांनी तेवढंच लिहावं: कधी सुरू करावं, पहिल्या चार आठवड्यांत काय करावं, काय बिघडतं आणि का. आठवणींसाठी वेगळा धागा आहे.

---

पाणथळ

पक्षीनिरीक्षण. सुरुवात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पाहुणी बदकं आलेली असतात, पानगळीने झाडं मोकळी होऊ लागतात, आणि सूर्य उशिरा उगवत असल्याने फार पहाटे उठावं लागत नाही. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो.

पहिले दोन आठवडे दुर्बीण घेऊच नका. घराची गच्ची किंवा कॉलनीतली बाग, सकाळी वीस मिनिटं, रोज तीच जागा. बुलबुल, दयाळ, साळुंकी, होला, कोतवाल, तांबट, शिंजीर, भारद्वाज, वेडा राघू, खंड्या. हे दहा पक्षी आकारावरून, उडण्यावरून आणि आवाजावरून ओळखता आले पाहिजेत. ओळखीचे दहा पक्के नसले तर तलावावर गेल्यावर समोरचे चाळीस एकमेकांत मिसळतात आणि माणूस हताश होऊन परत येतो.

नोंद करताना आधी पुस्तक उघडू नका. आधी लिहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच जाड की बारीक, सरळ की वाकडी, शेपटी हलवतो का, जमिनीवर, फांदीवर की पाण्यात, काय करत होता. मग पुस्तक. पुस्तक आधी उघडलं की चित्रात जे दिसतं तेच आपण पाहिलं असं वाटू लागतं.

मोबाईलमधलं मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते फक्त सुचवणं आहे, नोंद पक्षी दिसल्यावरच करावी. आपला साधा काळा कोतवाल शिक्र्याची नक्कल बेमालूम करतो.

तलावावर जाल तेव्हा (अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, कुठेही) सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. पश्चिम काठावरून तेच बदक नुसती काळी आकृती दिसतं आणि रंग कळत नाहीत. "नागपुरात पक्षी दिसत नाहीत" ही तक्रार बरेचदा उभं राहण्याच्या जागेची असते.

---

नंदनवन_नवखा

तिसऱ्या आठवड्यापासून दुर्बीण घ्यायची म्हणता, तर कोणती? दुकानदार म्हणतो १०-३०x५० घ्या, जवळचं-लांबचं दोन्ही होते. आणि मला चष्मा आहे जी.

---

पाणथळ

ती घेऊ नका भाऊ. झूमवाल्या स्वस्त दुर्बिणींत चित्र अंधुक होतं आणि दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळत नाहीत.

८x४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार, दुसरा समोरच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच मिलिमीटर, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. पहाटेच्या मंद उजेडात हाच आकडा कामाला येतो. दहा पटीत हाताची थरथरही दहा पट होते, आणि दिसणारा भाग सहसा कमी असल्याने नवख्याला पक्षी सापडतच नाही.

चष्मा असेल तर "आय रिलीफ" (काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १६ मिमी किंवा जास्त आहे का ते खोक्यावर बघा, आणि डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत फिरवून ठेवा. चष्मा नसेल तर बाहेर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक कुणी करून दाखवत नाही. दुर्बीण मधून मुडपून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईल तिथे थांबा. मग समोरच्या उजव्या काचेवर हात ठेवा. डाव्या डोळ्याने पन्नास-साठ पावलांवरची दुकानाची पाटी बघा आणि मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. आता हात डाव्या काचेवर. मधल्या चाकाला अजिबात हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीवरच्या खुणेचा आकडा लक्षात ठेवा. पुढे आयुष्यभर फक्त मधलं चाक फिरवायचं. हे एकदा केलं नाही तर दोन डोळे दोन वेगळ्या ठिकाणी जुळवून घेत राहतात, अर्ध्या तासात डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो दुर्बीण मला सोसत नाही.

पक्षी सापडत नसेल तर नजर पक्ष्यावरून काढू नका. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

---

नंदनवन_नवखा

पाटीवर करून पाहिलं. कडीचा आकडा उणे एकच्या जवळ येते. बरोबर आहे नं?

---

पाणथळ

बरोबर. चष्म्याचा नंबर बदलला की पुन्हा एकदा करा.

---

साखळी_तेल

सायकल. आपल्याकडे ऑक्टोबरात सुरू केलेली टिकते. एप्रिलात सुरू करायचीच असेल तर सकाळी साडेपाचला निघून आठच्या आत घरी, नाहीतर नको.

सायकल सुटण्याची कारणं ठरलेली आहेत. गुडघा, बूड आणि पंक्चर.

गुडघा. सीटची उंची चुकलेली असते. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक येतो. गुडघ्याच्या समोरच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल, किंवा चालवताना कंबर डावी-उजवी डोलत असेल, तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन फेऱ्या मारून बघा. दुसरं कारण जड गिअर. शहरातला रस्ता बव्हंशी सपाट असल्याने जड गिअरमध्ये दाबत राहायची सवय लागते. मिनिटाला ७५ ते ८५ फेऱ्या पाय फिरेल असा हलका गिअर ठेवा.

बूड. पहिले दोन आठवडे दुखणारच, बसायच्या हाडांना सवय व्हावी लागते. जाड जेलचं कव्हर घालू नका. मऊ गादीत हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. सीट जमिनीला समांतर आहे का ते बघा.

पंक्चर. आपल्या भागात शहराबाहेर पडलं की बाभळीचे काटे. ट्यूब बदलली आणि दोन किलोमीटरवर परत हवा गेली, याचा अर्थ काटा टायरमध्येच आहे. टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. उघडं बोट फिरवू नका. ट्यूबला जवळजवळ दोन समांतर भोकं असतील, साप चावल्यासारखी, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. ७००x३५ टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ५५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहा. आठवड्यातून एकदा पंपाने मोजून भरा. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही.

पॅच निघतो तो घाईमुळे. जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा, पाच मिनिटं थांबा. बोटाला ओलं लागणं बंद झालं की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतोच.

---

महालकर

एक भर. आठवड्यातून तीनदा दहा-दहा किलोमीटर, आणि पुढे दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. सायकल ग्रुपवाल्यांच्या ब्रेव्हेकडे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी: २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत) दुसऱ्या महिन्यातच बघू नका. तो छान टप्पा आहे, पण सवय लागलेल्या माणसासाठी.

---

प्रतापनगर_ताई

हे सगळं घराबाहेर जाणाऱ्यांसाठी झालं. सकाळी डबे, संध्याकाळी सासूबाईंची औषधं, अशा घरात बाईला एका दमात दोन तास मिळत नाहीत. धागाकर्त्यांनी लिहिलेली दुसऱ्या गटातली अडचण इथे पहिली येते. पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होईल असं काही सांगा.

---

गच्चीवरची

ताई, गच्चीवरची बाग. पण एप्रिल-मेमध्ये रोपं आणू नका. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप आपल्या तापल्या गच्चीवर चार दिवसांत जळतं, आणि "माझ्या हाताला गुण नाही" असं मनात बसतं. हाताचा काही दोष नसतो. मृग लागल्यावर सुरू करा, किंवा त्याहून बरं ऑक्टोबरात.

ऑक्टोबरात पहिलं पीक मेथी. रात्रभर भिजवून पेरली की तीन ते पाच दिवसांत वर येते, पंचवीस-तीस दिवसांत भाजी होते. पहिलं पीक असं लवकर हाती येणारं हवं. काही जण हौसेने संत्र्याचं कलम आणतात, नागपूरकरांना तो मोह होणारच. पण कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षी नको.

माती. आपली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ओली झाली की चिकट गोळा होते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. रोप तहानलेलं राहतं आणि खालच्या ताटलीत पाणी दिसतं म्हणून आपल्याला वाटतं पाणी पुरलं. चार भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी पाण्यात भिजवून फुगवा आणि ते पाणी एकदा काढून टाका, त्यात क्षार असतात.

बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच पिशवीत साधारण वीस लिटर मिश्रण बसतं, ओली झाल्यावर ती वीस-पंचवीस किलोंची होते. म्हणून पिशव्या गच्चीच्या मधोमध मांडू नका. कडेच्या भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे, आणि विटांवर, म्हणजे खालून पाणी निथळतं आणि स्लॅबला ओल धरत नाही.

आता पाण्याची चूक, कारण जास्तीत जास्त झाडं याने मरतात. दुपारी दोन वाजता पानं मान टाकतात. आपण धावत जाऊन पाणी घालतो. पण त्या वेळी मुळं जेवढं पाणी ओढू शकतात त्याहून जास्त पानांतून उडत असतं. माती ओली असली तरी पानं मलूल दिसतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही. संध्याकाळी सातला पुन्हा बघा, पानं ताठ झाली असतील तर झाड ठीक आहे. सकाळीही मलूल असेल आणि माती कोरडी असेल तर पाणी कमी. सकाळीही मलूल आणि माती ओली, तर मुळं कुजायला लागली, पाणी बंद करा.

उन्हाळ्यात पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, मातीवर दोन इंच वाळक्या पानांचा थर, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना पश्चिमेकडून बारदाना गुंडाळा. ऊन लागणाऱ्या बाजूची मुळं अक्षरशः भाजतात.

पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दीड मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या मागून. सकाळी फवारलं तर उन्हात पानं करपतात. साबण घातला नाही तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाला नुसतं तेल मिळतं.

---

प्रतापनगर_ताई

ही बोटाची खूण फार उपयोगाची. आमच्या मजल्यावरच्या तिघीजणींना वाचून दाखवते, एकीच्या गच्चीवर मिळून सुरू करता येईल.

---

धंतोलीकर

ताई, चौघी मिळून केलं तर दुसऱ्या गटातली अडचणच उलटी कामाला येते. एक गावाला गेली तरी पाणी घालणारी असते.

"सवय एकवीस दिवसांत लागते" असं म्हणतात, त्याबद्दलही एकदा लिहितो, कारण तो आकडा सगळीकडे फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे तपासलं, निबंध २०१० चा. जेवणानंतर पाणी पिणं, न्याहारीनंतर चालणं अशा साध्या गोष्टी होत्या. आपोआप होऊ लागायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला (बारा आठवड्यांपुढचा काळ हा गणिताने काढलेला अंदाज), मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. छंद आणि पाणी पिणं एक नव्हे, पण एकविसाव्या दिवशी गोडी लागली नाही म्हणून सोडून देऊ नका एवढं त्यावरून नक्की सांगता येतं. शिवाय तिथे प्रत्येक गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधलेली होती. "सकाळचा चहा झाला की गच्ची" हे "वेळ मिळाला की गच्ची"पेक्षा टिकतं.

---

ध्रुव२१

आकाशनिरीक्षण. जून ते सप्टेंबर ढग, तेव्हा सुरू करणं व्यर्थ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पहिलं काम ध्रुवतारा. एखाद्या ठिकाणी ध्रुव क्षितिजापासून जेवढ्या अंशांवर दिसतो तेवढेच त्या ठिकाणाचे अक्षांश. नागपूर २१ अंशांवर. हात समोर पूर्ण ताणून मूठ धरली की मूठ सुमारे दहा अंश झाकते. उत्तरेला क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. दुसरीच्या किंचित वर जो मध्यम तेजाचा एकटा तारा, तो ध्रुव. पुष्कळ जण सगळ्यात तेजस्वी तारा शोधतात म्हणून चुकतात. उत्तरेला दिव्यांचा झगमगाट असेल तर कॉलनी बदलून बघा.

मग मृग, रोहिणी, कृत्तिका. महिनाभर एवढंच, नुसत्या डोळ्यांनी. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा बघितला की ते सगळं पाण्यात जातं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा.

दुर्बिणीने सुरुवात करा. पाणथळ यांनी सांगितलेली ८x४२ चालते, गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवायची. गुरूचे चार चंद्र दिसतात. चंद्र शुक्ल अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो, आणि नवखे नेमके पौर्णिमेला बघून निराश होतात.

"५२५ पट" लिहिलेली सत्तर मिलिमीटरची टेलिस्कोप घेऊ नका. समोरच्या काचेच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, म्हणजे सत्तरला एकशे चाळीस पट ही वरची मर्यादा. त्यापुढे फक्त अंधुक मोठं होतं. आधी गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात एक खेळ बघून या.

---

इतवारी_पेटी

पेटी शिकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मोठ्या वयात शिकणारा माणूस पहिल्या दिवशी आवडतं गाणं वाजवायला बसतो आणि भात्याकडे लक्ष देत नाही. पहिले दोन आठवडे एकच सूर, भाता असा चालवायचा की आवाज कमी-जास्त होता कामा नये. भाता पूर्ण मिटायच्या आत परत उघडायचा. मग अलंकार (सरगमचे ठरलेले पलटे). रोज वीस मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नकोत.

पावसाळ्यात दमट हवेने स्वर चिकटतात किंवा घरघर येते. लगेच कारागिराकडे पळू नका, आधी दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून बघा. पेटीवर कुलरची हवा येऊ देऊ नका, उन्हाळ्यात बऱ्याच पेट्या कुलरच्या ओलीनेच बिघडतात.

तारीख समोर असली तरच बसणं होतं अशांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा धरावी. वयाची लाज नको, तिथे सगळ्या वयाचे बसतात.

---

मानेवाडा६४

दिव्या देशमुख आपल्या नागपूरची. तिने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. तिचं बघून मुलांसोबत आईबाबांनाही बुद्धिबळ खेळावंसं वाटलं तर त्यांनी मोबाईलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव सोडावेत. त्यात विचार करायला वेळच नाही, नुसती चूक पाठ होते. पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद, असा दिवसाला एक डाव. डाव संपला की संगणकाला विचारायच्या आधी, कुठे बिघडलं ते स्वतः एका ओळीत लिहा. ओपनिंगची पाठांतरं नकोत. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, हा शेवट आधी शिका. राजाने प्याद्याच्या पुढे चालायचं एवढं कळलं तरी नवख्यांच्या डावात बरेच अर्धे गुण वाचतात.

---

नंदनवन_नवखा

मी दोन धरू का? पक्षी आणि सायकल. सायकलनेच तलावावर जाता येते.

---

साखळी_तेल

धरा, पण दुर्बीण गळ्यात लोंबकळती नको. वाकल्यावर ती हँडलला आपटते आणि आतली काच हलते, मग दोन वर्तुळांचं एक होत नाही. पट्टा आडवा घालून पाठीवर घ्या, किंवा फडक्यात गुंडाळून पिशवीत. पाठीमागच्या कॅरिअरवर बांधू नका, खड्ड्याचा सगळा हादरा तिथे बसतो.

---

पाणथळ

आणि कुलूप लांब केबलचं घ्या, झाडाला किंवा कुंपणाला बांधता येईल असं. काठावर उभं असताना अर्धं लक्ष सायकलीकडे राहिलं तर बदकं मोजून होत नाहीत. रविवारी सात वाजता पूर्व काठ.